पाल म्हणजे काय?

कळव्याच्या चाळींत नाना प्रांतांची माणसे शेजारी राहतात. समजा, तमिळ शेजारीण तान्हे मूल घेऊन आली आणि “पाल, पाल” म्हणाली. आपण भिंतीकडे बघू! पण तिला हवं असतं दूध. तमिळीत दुधाला ‘पाल’ म्हणतात. आपल्याकडे भिंतीवर असते ती पाल, आणि भटक्यांचा तंबू ते पाल. आवाज एक, पण दुधाशी त्यांचे नाते नाही.

आता आम्ही एक गंमत सांगतो. भिंतीवरच्या पालीला तमिळीत ‘पल्ली’ म्हणतात. संस्कृतातही ‘पल्ली’च! खरे नाते तिथे आहे.

तेव्हा नुसत्या आवाजावर जाऊ नये. शब्द कळला नाही तर हसू नका. “म्हणजे काय हो, बाई?” असे विचारा. मूल उपाशी राहणार नाही.