होया घेताना आधी डहाणूचा मे आठवा

डहाणूत होया मरतो तो दोनच महिन्यांत, मे आणि जुलै. मेमध्ये रात्रीसुद्धा न उतरणारा उकाडा आणि जुलैत कुंडीतून न हटणारं पाणी. माझ्याकडचे जे वेल गेले, ते याच दोन महिन्यांत गेले. खतपाणी रीतसर होतं. घोटाळा होता पाटीवरच्या नावात.

एका विक्रेत्याने ‘उष्ण हवेत उत्तम’ असं छापून ‘बेला’ पाठवला. बारीक पानं, लोंबत्या फांद्या, दिसायला फार गोड. पण बेला मूळचा ब्रह्मदेशातल्या डोंगरांवरचा. दिवसाचे ३५ अंश तो कसेबसे काढतो, पण आपल्याकडे मेमध्ये रात्रीही पारा २७च्या आसपास अडून बसतो, तिथे तो हरतो. हिमालयातल्या ‘लिनिआरिस’चीही तीच कथा. हे दोन्ही वेल महाबळेश्वरच्या पाहुण्याला द्यावेत, बोर्डीच्या नाही.

उलटही घडलं. ‘कार्नोसा’ म्हणून एकाच दुकानातून दोन रोपं आली. एक उन्हाळाभर पानं पिवळी करून बसलं, दुसरं ग्रिलवर चढत सुटलं. दुसऱ्याला गुच्छ आला तेव्हा उलगडा झाला. पानं लांबट, त्यांवर चंदेरी शिंतोडे, फुलं गडद आणि फुलाच्या पाठीमागची हिरवी निदलं लवदार. तो निघाला ‘प्युबिकॅलिक्स’, फिलिपिन्सचा, म्हणजे उकाड्यातच वाढलेला. कार्नोसा दक्षिण चीन, तैवान, जपानकडचा, त्याला थंडीतला गारवा हवा असतो. दोघांना वर्षभर सारखंच वागवलं गेलं, कारण पाटी सारखी होती. नाव चुकलं की निगा चुकते ती अशी.

म्हणून समुद्रकाठच्या माणसाने निवड करताना एकच प्रश्न विचारावा: हा वेल मूळचा कुठला? थायलंडकडचा ‘केरी’, फिलिपिन्सचा ‘प्युबिकॅलिक्स’, जावा-मलायाकडचा ‘मल्टिफ्लोरा’ आपल्या हवेत रमतात. मला सगळ्यांत भरवशाचा वाटतो तो ‘पॅरासिटिका’. नाव ऐकून बिचकू नका, तो बांडगूळ नाही, झाडाचा फक्त आधार घेतो. सुंदरबनात खारफुटीच्या झाडांवर तो वाढतो, तेव्हा आपल्या तिवरांवरून येणारा खारा वारा त्याला नवा नाही.

‘केरी’च्या बाबतीत मात्र एक फसवणूक सर्रास चालते. फेब्रुवारीत छोट्याशा कुंडीत बदामाच्या आकाराचं एकच पान खोचलेलं मिळतं. त्याला मुळं फुटतात, ते वर्षानुवर्षं हिरवंही राहतं, पण देठाला पेर नसेल तर त्यातून वेल कधीच निघत नाही. पेर असलेला खोडाचा तुकडा सोबत आहे का, ते माती बोटाने जरा बाजूला करून बघा. दुकानदार कुरकुरला तर कुरकुरू द्या.

ओळख पानावरून पटवू नका. एकाच वेलाचं पान चिकूच्या दाट सावलीत मोठं आणि गडद होतं, वाडीच्या कडेला उजेडात लहान आणि फिकट. खरी खूण फुलात असते. फुलाचा फोटो समोरून, बाजूने आणि पाठीमागून घ्या, गुच्छ चेंडूसारखा गोल आहे की खालून सपाट ते टिपा, पानाच्या दोन्ही बाजू आणि शिरा दिसतील असं बघा. शेजारी मोजपट्टी ठेवा. चीक पांढरा की पाण्यासारखा, वास दिवसा की रात्री, हेही लिहून ठेवा. एवढं हाताशी असलं की जाणकाराला काही सांगता येतं. नुसत्या पानाच्या फोटोवरून छातीठोक नाव सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये, मग तो कितीही मोठा संग्राहक असो.

कुणी ‘जंगली होया’ म्हणून कुंपणावरचा वेल आणून देईल. आपल्याकडे तो बहुधा हिरणदोडी असतो. फुलं हिरवी, गुच्छात, पण पान पातळ आणि मूळ थेट जमिनीत. चूक अगदीच अडाणीपणाची नाही, वनस्पतिशास्त्रज्ञांनीही एके काळी तिला होयातच घातलं होतं. पश्चिम घाटात खरे रानटी होया आहेत, ‘वायटी’ आणि ‘रेटुसा’. ते झाडावरून ओरबाडून आणू नयेत. डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झालेला आहे. इथल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

आता जुलै. बागेची माती होयाला घालूच नका. नारळाच्या सोडणाचे तुकडे, कोळसा, विटेचे खडे आणि मूठभर गांडूळखत, बस. नुसतं कोकोपीट पावसाळ्यात ओल धरून बसतं आणि मुळं कुजतात. कुंडी मातीची आणि लहान असावी, मुळं जरा आवळलेली राहिली तरी बिघडत नाही. पागोळ्या थेट पडतील अशा जागी ती ठेवू नका. पान हलकेच वाकवून बघायचं: ताठ असेल तर पाणी नको, लवचीक झालं असेल तर द्यायचं. किनाऱ्याजवळच्या मचूळ बोअरपेक्षा साठवलेलं पावसाचं पाणी बरं. कलमं जूनमध्ये लावावीत. दोन पेरांचा तुकडा, चीक सुकू दिलेला.

लांबच लांब, बिनपानांची टोकं निघतात ती छाटू नका, पानं मागाहून येतात. फुलं गळल्यावर उरलेला देठ तर मुळीच तोडू नका. त्याच देठावर पुढचा बहर येतो. आमच्याकडच्या माळीदादांनी एकदा वेल ‘साफ’ केला आणि त्या वर्षीचं फूल गेलं, त्यांच्या बिचाऱ्यांच्या हिशेबी तो वाळका कचरा होता.

कीड म्हणाल तर कुंपणालगतच्या रुईकडे बघा. होया रुईच्याच कुळातला, त्यामुळे रुई-कण्हेरीवरचा पिवळा मावा थेट त्याच्या कोवळ्या शेंड्यांवर येतो. पानाच्या बगलेत पांढरा पिठ्या ढेकूण आणि त्याच्यामागे मुंग्या. आधी पाण्याची धार, मग साबणाचं पाणी, आणि निंबोळी तेल मारायचंच तर सूर्य मावळल्यावर. उन्हात पान करपतं.

तलासरी-धुंदलवाडीकडच्या मंडळींसाठी एक जास्तीची सूचना. नोव्हेंबर २०१८ पासून तिकडे जमिनीचे हादरे सुरू झाले, तेव्हा टांगती कुंडी पलंगावर किंवा पाळण्यावर नको आणि हूक स्लॅबमध्ये पक्का हवा.

राहिली पाटी. मार्करची शाई एका उन्हाळ्यात उडते, शिसपेन्सिलीचं अक्षर प्लास्टिकच्या पट्टीवर टिकतं. त्यावर घेतल्याचा महिना, विक्रेत्याने सांगितलेलं नाव आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह लिहा. फूल स्वतः बघितल्याशिवाय ते प्रश्नचिन्ह खोडू नका, आणि कुणाला कलम दिलंत तर त्या प्रश्नचिन्हासकट द्या.