४० यार्डांचा वेग आणि कारकिर्दीची लांबी

अमेरिकन फुटबॉलच्या नॅशनल फुटबॉल लीगमध्ये (एनएफएल) दरवर्षी महाविद्यालयीन खेळाडूंची निवड होते. त्याआधी ‘कंबाइन’ नावाची चाचणी घेतली जाते. १९८७पासून ती इंडियानापोलिसला भरते आणि ३००हून अधिक खेळाडूंना तिचे बोलावणे येते. ४० यार्ड, म्हणजे सुमारे ३६.६ मीटर धाव, २२५ पौंडांचा बेंच प्रेस, उभी उडी, लांब उडी आणि दिशा बदलत धावण्याचे प्रकार त्यात असतात. यातून खेळाडूची स्फोटक ताकद कळते. तो किती वर्षे टिकेल हे कळत नाही.

२०१७मध्ये जॉन रॉसने ४० यार्ड ४.२२ सेकंदांत कापून तेव्हाचा विक्रम केला. सिनसिनाटीच्या संघाने त्याला ९व्या क्रमांकावर घेतले. दुखापतींत अडकून ४ हंगामांनी तो त्या संघाबाहेर पडला. १९९५मध्ये माइक मामुलाने चाचणीच्या प्रकारांचाच खास सराव केला आणि तो ७व्या क्रमांकावर निवडला गेला. त्याची कारकीर्द ५ हंगामांची. उलट २०००मध्ये ५.२८ सेकंद घेणारा टॉम ब्रॅडी १९९व्या क्रमांकावर गेला आणि २३ हंगाम खेळला. ब्रॅडीचे नाव खेळाडू मुलांच्या पालकांच्या तोंडी जरा जास्तच असते. तो क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चढाई चालवणारा होता, आणि त्या जागेला धावण्यापेक्षा नजर आणि निर्णय जास्त लागतात.

चाचणी अपुरी पडण्याचे मुख्य कारण असे, की तिथे पोचलेला प्रत्येकजण आधीच निवडलेला असतो. गुणवत्ता यादीतल्या दोघांपैकी चांगला डॉक्टर कोण होणार हे अर्ध्या गुणावरून ठरवावे, तसा हा प्रकार. शिवाय वेगवान मुलाची निवड लवकर होते, संघाचे जास्त पैसे त्याच्यावर लागतात, म्हणून त्याला संधीही जास्त मिळतात. कारकीर्द लांबली, तर त्यात पायांच्या वेगाइतकाच या गुंतवणुकीचा वाटा असतो. २००८च्या एका संशोधनात कंबाइन आणि पुढची कामगिरी यांच्यात सातत्याचा संबंध आढळला नाही. अपवाद रनिंग बॅकच्या, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्या खेळाडूच्या धावेचा. टक्कर झेलणाऱ्या त्याच जागेवर कारकीर्द सर्वांत आखूड असते.

सरासरीही कोणाला मोजले यावर अवलंबून. खेळाडूंची संघटना ३.३ वर्षे सांगते. पहिल्याच वर्षी हंगामाच्या सुरुवातीला संघात असलेल्यांपुरते पाहिले तर लीग सुमारे ६ सांगते. पेन्शनचा हक्क ३ हंगामांनंतर लागतो.

कारकीर्द किती लांबेल हे वेगापेक्षा खेळण्याची जागा जास्त चांगले सांगते, आणि नेमके त्याकडेच कोणी पाहत नाही. ॲडम विनाटिएरीला १९९६मध्ये कोणीही निवडले नव्हते. किकर, म्हणजे चेंडूला लाथ मारून गुण मिळवणारा म्हणून तो २४ हंगाम खेळला आणि लीगमध्ये सर्वाधिक २,६७३ गुण त्याच्या नावावर आहेत. चेंडू लाथेने दूर धाडणारा पंटर जेफ फीगल्सही असाच, निवड न झालेला. २२ हंगाम आणि सलग ३५२ सामने. किकर मॉर्टन अँडरसन २५ हंगाम टिकला. चेंडूला पाय नेमका लावण्याचे हे कौशल्य वर्षानुवर्षांच्या सरावाने येते, टकरी कमी आणि शरीराची झीजही कमी. मात्र संघ ३२च, आणि प्रत्येकात अशा जागा मोजक्या.

तरीही मुलांना वेग वाढवण्याच्या क्लासला घालण्याची फॅशन आहे, आणि ती सर्वांत घातक ठरते लहान वयात. महाराष्ट्रात क्रीडा प्रबोधिनीच्या निवडीतही धावणे, उडी, मेडिसिन बॉल फेक मोजतात. पण त्या वयात लवकर वयात आलेला मुलगा आपोआप पुढे दिसतो आणि पुढे बाकीचे त्याला गाठतात. अशा आकड्यावर शाळा, ट्यूशन आणि घरची बचत पणाला लावणे हा शुद्ध आततायीपणा आहे. अमेरिकेत स्थायिक मराठी घरांनाही हेच लागू. महाविद्यालयीन खेळाडूंपैकी निवडीला पात्र ठरलेल्यांतले सुमारे १.६ टक्केच लीगच्या निवडीत येतात. शिष्यवृत्ती मिळाली तर तिचा खरा उपयोग पदवीसाठी करावा, आणि मुलाच्या ४० यार्डांच्या वेळेवर पालकांनी कर्ज काढू नये.