कुत्र्याने कांदा खाल्ला तर

सक्करदरा, नागपूर

चि. आदित्य,

कुत्रा घरी येण्याआधीच हे लिहितो आहे. त्याने कांदा किंवा लसूण खाल्ला, तर तो शेपटी हलवतो की नाही हे पाहत बसू नकोस; किती खाल्लं आणि केव्हा, ते पाहा. या कंदांतले गंधकयुक्त पदार्थ रक्तातल्या हिमोग्लोबिनवर घाव घालतात आणि तांबड्या पेशी फुटू लागतात. मात्र त्या दिवशी दिसते फार तर एखादी उलटी. हिरड्या फिक्या पडणं, धाप लागणं, लघवी तपकिरी होणं हे बहुधा काही दिवसांनी. डॉक्टरांना औषधाने उलटी करवून कांदा बाहेर काढता येतो तो साधारण पहिल्या दोन तासांत. म्हणजे लक्षणांची वाट पाहणारा माणूस उपायाची वेळच घालवतो. वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून अधिक कांदा एका वेळी पोटात गेला की धोका पक्का धरतात. १५ किलोच्या कुत्र्याला हे ७५ ग्रॅम, म्हणजे जेमतेम एक मध्यम कांदा. लसूण त्याहून थोडा पुरतो.

लोक म्हणतील, बुधवार बाजारातले कुत्रे सावजी भोजनालयांचं खरकटं खाऊन जगतातच की. जगलेले आपल्याला दिसतात. आडोशाला मलूल पडलेल्याचं रक्त कोणी तपासत नाही. शिजवल्याने दोष जातो हेही खोटं. उलट सावजी रश्श्यात कांदा-लसूण वाटून मिसळलेला असतो, त्यामुळे हाडाबरोबर किती गेला ते कळतच नाही. तर्री-पोह्यातल्या कांद्याच्या एका तुकड्यासाठी धावपळ कशाला, हा आक्षेप मात्र मला मान्य आहे. मोठ्या कुत्र्याने तेवढं खाल्लं तर लक्ष ठेवणं पुरे. पण रोज थोडं थोडं दिलेलंही साचत जाऊन बाधतं, म्हणून ती सवय लावूच नकोस.

मिठाचं पाणी पाजून घरी उलटी करवू नकोस. मिठाचीच विषबाधा होते. दूध-तुपानेही काही साधत नाही. वेळ टळली असली तरी डॉक्टरांकडे ने, रक्त तपासून घे. सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालयाचं चिकित्सालय आहे, पण सक्करदऱ्याहून ते शहराच्या दुसऱ्या टोकाला. तेव्हा घराजवळच्या प्राण्यांच्या डॉक्टरांचा नंबर कुत्रा आणण्याआधीच मिळवून ठेव, आणि रात्री ते येतात का तेही विचार.

तुझा मामा