चढाईला जाताना दातही सांभाळा

आपल्या मुलांना गुडघ्याला नी-कॅप आणि घोट्याला क्रेप बँडेज बांधायला सांगावे लागत नाही. तुर्भे, दिघा, घणसोली, ऐरोली, कुठल्याही वस्तीतल्या कबड्डीच्या मैदानावर संध्याकाळी गेलात तर ते दिसतेच. माऊथगार्ड मात्र क्वचितच कोणाच्या तोंडात असते. ती बॉक्सिंगवाल्यांची वस्तू आहे, असा आपला समज आहे. तो समज किती महागात पडतो, हे या वेळी समजून घेऊ.

मार कसा लागतो?

चढाई करणारा वाकून, तोंड पुढे करून प्रतिपक्षात शिरतो. पकड करताना तीन-चार जण एकाच वेळी त्याच्यावर येतात. कोणाचे कोपर, कोणाचा गुडघा, कोणाचे डोके थेट तोंडावर बसते. सर्वांत आधी सापडतात ते वरच्या जबड्यातले पुढचे दोन दात. ज्यांचे दात थोडे पुढे आहेत त्यांना धोका जास्त. फुटबॉल आणि बास्केटबॉलमध्येही हेच घडते. हॉकीत तर काठी आणि कडक चेंडू असतो. म्हणून हॉकीच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीतच खेळाडूंनी तोंडाचे संरक्षण वापरावे अशी शिफारस आहे.

हे दात सात-आठव्या वर्षी येतात आणि जन्मभर पुरायचे असतात. पंधराव्या वर्षी असा दात गेला तर लगेच इम्प्लांट बसवता येत नाही, कारण जबड्याची वाढ पूर्ण व्हावी लागते. तोपर्यंत काढता-घालता येणारा दात वापरायचा, पुन्हा पुन्हा दवाखान्यात जायचे, पुन्हा पुन्हा पैसे भरायचे. रोजंदारीवर जाणाऱ्या आईबापाला हे झेपत नाही. मुलगी असेल तर घरचे आणखी एक गोष्ट करतात: तिचा खेळच बंद करतात. एका दातापायी चांगली खेळाडू घरी बसते, ही हानी दातापेक्षा मोठी आहे.

माऊथगार्ड काय करते?

हे वरच्या दातांवर बसणारे लवचिक प्लास्टिकचे कवच. मार एका दातावर न एकवटता सगळ्या दातांवर विभागला जातो. ओठ, गाल, जीभ आणि दात यांच्यामध्ये गादी राहते. न्यूझीलंडने १९९८ पर्यंत रग्बीच्या सर्व स्तरांवर सामन्यात माऊथगार्ड सक्तीचे केले. तिथे १९९५ ते २००३ या काळात रग्बीतल्या दातांच्या दुखापतींचे भरपाईचे दावे ४३ टक्क्यांनी घटले. मात्र डोक्याला मार लागून मेंदूला बसणारा धक्का माऊथगार्डने थांबतो, असे ठामपणे सिद्ध झालेले नाही. ते घातले म्हणून डोके पुढे घालून झेप घेऊ नये.

कोणते घ्यावे?

माऊथगार्ड तीन प्रकारचे मिळते. पहिले तयार मापाचे. ते सैल असते, दातांनी चावून धरावे लागते. दुसरे गरम पाण्यात मऊ करून दातांवर दाबून बसवायचे. तिसरे दंतवैद्याने दातांचे माप घेऊन बनवलेले.

कबड्डीत हा फरक महत्त्वाचा आहे. चढाईला जाणाऱ्याला ‘कबड्डी कबड्डी’ असा दम सतत आणि स्पष्ट घुमवावा लागतो. तोंडातली वस्तू चावून धरली तर बोलणार कसे? म्हणून पहिला प्रकार इथे निरुपयोगी. मापाचे बनवलेले आपोआप घट्ट बसते, त्यात बोलता येते, श्वास घेता येतो. ते परवडत नसेल तर दुसरा प्रकार नीट बसवून घ्यावा. काही नसण्यापेक्षा ते पुष्कळ बरे. सुरुवातीला जड वाटते. आठ-दहा दिवस सरावात घालून दम घुमवावा, सवय होते. दातांना तारा लावलेल्या मुलांनी दंतवैद्याला विचारूनच घ्यावे.

नवी मुंबई परिसरात नेरूळ, खारघर, कामोठे इथे दंत महाविद्यालये आहेत. त्यांच्या बाह्यरुग्ण विभागात जाऊन ‘खेळासाठी माऊथगार्ड बनवून मिळेल का’ एवढे विचारावे.

वापरून झाले की थंड पाण्याने आणि ब्रशने धुवावे, भोके असलेल्या डबीत ठेवावे. उन्हात किंवा गरम पाण्यात ठेवल्यास आकार बिघडतो. दुसऱ्याचे कधी वापरू नये. वाढत्या वयात सैल झाले किंवा फाटले की बदलावे.

दात मुळासकट पडला तर

१. खेळाडू बेशुद्ध पडला, उलटी झाली, गोंधळल्यासारखा वागू लागला तर दात नंतर, आधी रुग्णालय.

२. पडलेला दात शोधा. वरच्या पांढऱ्या भागाला धरा. मुळाला हात लावू नका, घासू नका.

३. माती लागली असेल तर दुधाने किंवा स्वच्छ पाण्याने काही सेकंदच धुवा.

४. कायमचा दात असेल आणि खेळाडू शुद्धीवर असेल तर दात त्याच जागी सरळ बसवून स्वच्छ रुमाल चावायला द्या. जमत नसेल तर दात दुधात ठेवा. कोरड्या कागदात गुंडाळू नका.

५. अर्ध्या तासाच्या आत दंतवैद्याकडे पोहोचा. धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारा.

६. लहान मुलाचा दुधाचा दात मात्र परत बसवू नये.

जयंतीनिमित्त कबड्डीचे सामने भरवणाऱ्या मंडळांना आमची विनंती आहे. चषक थोडा लहान आणा, पण आपल्या संघातल्या मुलामुलींना माऊथगार्ड घेऊन द्या. मैदानावरच्या प्रथमोपचार पेटीशेजारी दुधाची एक पिशवी ठेवा. सामना संपला तर ती दूध चहाला चालेल. वेळ आली तर एखाद्याचा दात वाचेल.