ग्रुपमध्ये घेतलं, पण कशासाठी?

अहिल्यानगर

चि. सोनू,

त्या मुलींनी अखेर तुला ग्रुपमध्ये घेतलं, हे फोनवर सांगताना तुझा आवाज किती फुलला होता! एकटीने डबा खायचं दुःख मला कळतं गं. पण घेतलं कधी, तर ऊसतोडीच्या कोयत्यावरून परतलेल्या त्या मुलीच्या रापलेल्या हातांना सगळ्या हसल्या आणि तूही हसलीस, त्या दिवशी. तू हे ओघात बोलून गेलीस. मला तेच लागून राहिलंय.

आपल्या पाथर्डी-शेवगावची माणसं मुकादमाची उचल घेऊन दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. गाळप आटोपून परतेतो उन्हाळा लागतो. ज्या पोरांना सांभाळायला गावात आजी नाही, हंगामी वसतिगृहाचा आधार नाही, ती बरोबर जाऊन तिथल्या खोपीत राहतात. आईबाप पहाटे फडात गेले की धाकटी भावंडं, पाणी, चूल त्यांच्याच अंगावर. आपला जिल्हा सहकारी कारखान्यांचा म्हणून मिरवतो. त्या साखरेत अशा मुलींचं निम्मं शाळेचं वर्ष गेलेलं असतं.

नागराज मंजुळेंच्या २०१३ च्या 'फँड्री' चित्रपटातलं गाव आपल्या नगरजवळचं अकोळनेर. त्यातला शाळकरी जब्या घरच्यांबरोबर डुकरं पकडतो, तेव्हा शाळेतली मुलं जमून हसतात. त्यातली बरीचशी दुष्ट नसतात, शेजारचा हसतो म्हणून हसतात. तुझंही तसंच झालं असणार.

आता ज्यांच्याबरोबर हसलीस, त्या मुलींबद्दल. अमेरिकेत कोई, डॉज आणि कोपोटेली या अभ्यासकांनी १९८२ मध्ये मुलांनाच विचारलं होतं, तुम्हाला सर्वांत कोण आवडतं आणि कोण नावडतं? काही नावं दोन्हीकडे भरपूर आली. म्हणजे वर्गात जिचं चालतं, ती सगळ्यांना हवीशी असतेच असं नाही. शिक्षिका म्हणून मीही हेच पाहत आले.

ग्रुप सोड, असं मी म्हणत नाही. तुझ्या वयाला मैत्रिणी हव्यातच. पण उद्या त्या मुलीच्या बाकावर जाऊन बस. सगळ्या वर्गासमोर माफी मागू नकोस, ती आणखी अवघडेल. कोणते धडे झाले ते दाखव, वही दे, आणि उपकाराचा सूर अजिबात नको. ती लगेच बोलणार नाही, कदाचित वही परतही करेल. तरी परवा पुन्हा बस. यावरून ग्रुपने तुला काढलं, तर रात्री कितीही वाजता मला फोन कर. वार्षिक परीक्षेआधी मी येतेच आहे. तिची इच्छा असेल तर दोघींचं गणित घेईन.

तुझी,
आत्या