दुहेरी कामाचे इंजिन : इयत्ता सातवीसाठी एक पाठ



शेवगाव तालुक्यात रूळ नाहीत. त्यामुळे वाफेच्या इंजिनाचा पाठ आपण कोळसा, पाणी, वाफ, दट्ट्या असा घोकून घेतो. मीही तरुणपणी तसाच शिकवीत असता एका मुलाने विचारले, "गुरुजी, गुळगुळीत रुळावर चाक जागच्या जागीच का फिरत नाही?" मला उत्तर देता आले नाही.

ओल्या फरशीवर हलक्या मुलास बाक ढकलावयास सांगावे. त्याचेच पाय घसरतील. त्याच्या पाठीवर दप्तरांचे ओझे दिले की पाय रोवले जातात. इंजिनाचेही तसेच आहे. वाफेने फिरणाऱ्या चाकांवर जितका भार, तितकी रुळावर पकड.

मोठ्या मार्गांवर कामाची वाटणी असे. मोठे चाक एका फेऱ्यात अधिक अंतर तोडते, पण ओढ कमी; लहान चाकाचे उलट. म्हणून आपल्याकडे उतारूगाड्यांसाठी 1947 साली 'डब्ल्यूपी' व मालगाड्यांसाठी 1950 साली 'डब्ल्यूजी' इंजिने आली. कॅनडात मात्र 1927 पासून आठ चालक चाकांची काही इंजिने दोन्ही कामे करीत.

त्याहून आधीचे उदाहरण आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांची बार्शी लाइट रेल्वे 1897 साली सुरू झाली. ती 1906 मध्ये पंढरपुरास पोहोचली. रुळांतील अंतर अवघे 76 सेंटिमीटर. बार्शीच्या बाजारपेठेचे धान्य आणि पंढरीचे वारकरी एकाच जातीच्या इंजिनाने ओढावयाचे होते. रूळ हलके, म्हणून कोणत्याही कण्यावर 5 टनांहून अधिक भार नको. मग पकड कोठून आणावी? लीड्सच्या किटसन कारखान्याने केलेल्या त्या इंजिनाचे चार कणे दांड्यांनी जोडून वाफेने फिरविले होते. फळ्यावर मांडावे : 4 × 5 = 20 टन. मागील चार मोकळी चाके केवळ उरलेला भार पेलीत. तीनच कणे जोडले असते तर 15 टन. म्हणजे 40 डब्यांऐवजी 30 डबे, हे त्रैराशिक मुलांनीच सोडवावे.

तो मार्ग आता रुंदमापी झाला आहे. चित्र फळ्यावरच काढावे लागेल.

एखादा चौकस मुलगा विचारील, मग साऱ्याच सहा कण्यांना का जोडले नाही? त्यास वाकविलेल्या तारेवर लांब पट्टी ठेवून दाखवावी. जोडलेले कणे ताठ राहतात. रांग लांबली की ती वळणावर बसत नाही.