आधी शिक्षकांच्या हातातला दगड

प्राथमिक शिक्षकांची प्रशिक्षणं घेत मी काही वर्षं तालुक्यातालुक्यांत फिरते आहे. विषय एकच : मुक्या जनावरांशी नीट वागायला मुलांना कसं शिकवायचं. त्यातून जे उमगलं, ते इथे मांडते.

१. सुरुवात शिक्षकांच्या भीतीपासून करावी. एका शाळेत मी भूतदयेवर बोलत होते आणि व्हरांड्यात कुत्रं आलं. पुढच्या रांगेतल्या बाई किंचाळून बाकावर चढल्या, शेजारच्या गुरुजींनी खाली वाकून दगड उचलला. बाईंना लहानपणी कुत्रं चावलं होतं, पोटात इंजेक्शनं घ्यावी लागली होती. सांगतानाही त्यांचे हात कापत होते. मी टिपणं मिटून ठेवली आणि कुत्रं समोर आलं तर काय करायचं, ते आधी घेतलं. कुत्र्याचं अंग ताठ झालं, नजर एका जागी खिळली, की ते घाबरलेलं किंवा चिडलेलं असू शकतं. तेव्हा पळायचं नाही, त्याच्या डोळ्यांत बघायचं नाही, हात अंगाशी धरून झाडासारखं उभं राहायचं. हे सगळ्यांनी उभं राहून करून पाहिलं. चावलंच तर चुना, हळद, तिखट काही लावायचं नाही. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची आणि लगेच लशीसाठी दवाखाना गाठायचा, कारण रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. काय करायचं ते कळलं की भीती उतरते, आणि भीती उतरल्याशिवाय हातातला दगड सुटत नाही.

२. छळाची चित्रं मुलांना दाखवू नयेत. मी दाखवली होती, ती माझी चूक. तिसरीतली एक मुलगी त्या दुपारी खिचडीला हात न लावता बसून राहिली.

३. शेतकऱ्याच्या मुलाला आधी बोलू द्यावं. पोळ्याच्या आदल्या आठवड्यात पाचवीतल्या एका मुलाने आम्हाला खांदेमळणी समजावून सांगितली. कोमट पाण्याने बैलाचा खांदा शेकायचा, मग तूप-हळद चोळायची. ‘‘बोट लावल्यावर कातडी थरथरली, की तिथं जू लागलंय म्हणायचं. मग तो बैल चार दिवस जुंपायचा नाही.’’ त्याच्या वर्गाच्या बाईंनी हे त्याच्याच शब्दांत फळ्यावर लिहिलं. पाठ्यपुस्तकातल्या धड्याने एवढं काम केलं नसतं.

४. कोण काय खातं यावर वर्गात निवाडा नको. ‘‘आमच्या शेळ्या बाजारात जातात. मग आम्ही वाईट का?’’ असं एका मुलीने विचारलं, तेव्हा गुरुजी गप्प झाले. याचं उत्तर प्रशिक्षणातच तयार करून घ्यायला हवं. शेळी जिवंत आहे तोवर तिला पाणी, सावली मिळते का, टेम्पोत पाय बांधून एकीवर एक कोंबतात का, हे विचारायचं. त्या मुलीला यातलं आमच्यापेक्षा जास्त माहीत होतं.

५. कायदा सांगावा, पण त्याचा धाक घालू नये. प्राण्यांचा छळ रोखणारा कायदा १९६० चा. जनावराला मारहाण करणं, झेपणार नाही एवढं ओझं लादणं, उपाशी ठेवणं हे त्यात गुन्हे आहेत. मात्र पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये! हा आकडा ऐकून शिक्षक चकित होतात. त्याच कायद्याने प्राणी कल्याण मंडळावर भूतदयेचं शिक्षण देण्याचंही काम सोपवलं आहे, हे मात्र फारच थोड्यांना ठाऊक असतं. माझ्या मते दंडापेक्षा ही तरतूद मोठी आहे.

६. एक काम रोजचं असावं. परिपाठात प्रतिज्ञा म्हणून मुलं विसरतात. जनावरांसाठी पाणी भरण्याची पाळी विसरत नाहीत. हातपंपाजवळ सिमेंटचं एक उथळ भांडं पुरतं. ते रोज घासून भरायचं, नाहीतर त्यात डास अंडी घालतात.

आणि प्रशिक्षण झालं म्हणून निघून जाऊ नये, पुन्हा जावं. त्या पहिल्या शाळेत मी आठ महिन्यांनी गेले. पाळीच्या तक्त्यावर मुलांच्या नावांखाली मंगळवारी बाईंचं नाव होतं.